हृदयद्वाराचा पहारेकरी

लंडनमधील सिडनी रिंगर हे वैद्य १८८२च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात स्पंदत ठेवण्याचे प्रयोग करीत असता ते द्रावण ऊर्ध्वपातित जलाऐवजी न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केले गेले होते. पुढे शुद्ध जल वापरताच तेच हृदय क्षीण होऊन थांबू लागले, तेव्हा नळाच्या पाण्यातील चुन्याचा अंश, म्हणजेच कॅल्शियम, हा त्या स्पंदनाचा खरा आधार असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. १८८३च्या निबंधात त्यांनी आपली चूक जाहीर कबूल केली, आणि त्या कबुलीबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

भयाने वा क्रोधाने ऊर धडधडू लागतो तो कोणाच्या हुकमाने, याचा शोध मात्र निराळ्याच दफ्तरात चालू होता. ऑलिव्हर आणि शेफर यांनी १८९५ साली अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब उसळतो हे विस्ताराने मांडले. लवकरच जोकिची ताकामिने यांनी त्यातील ॲड्रेनलिन स्फटिकरूपाने वेगळे केले. हे दोन प्रवाह एकत्र आले ते १९६७ साली, जेव्हा हाराल्ड रॉयटर यांनी ॲड्रेनलिनमुळे हृदयतंतूंत शिरणारा कॅल्शियमचा विद्युत्प्रवाह वाढतो असे दाखविले. संप्रेरकाचा हुकूम पेशीच्या वेशीवर पोहोचला की आत चक्रीय एएमपी हा सदरलंड यांना यकृताच्या अभ्यासात गवसलेला दूत निघतो, तो प्रथिन-किनेज ए या अंमलदारास जागे करतो, आणि अंमलदार प्रथिनांवर फॉस्फेटची मोहोर उमटवितो, एवढे हळूहळू निश्चित झाले.

मग ही मोहोर खुद्द कॅल्शियमच्या दारावरच, म्हणजे कॅल्शियमला पेशीत शिरू देणाऱ्या प्रथिनांच्या वाटेवरच, उमटत असणार, असे सर्वांनी गृहीत धरले, आणि तसे वाटणे स्वाभाविकही होते. परंतु दाराच्या प्रथिनांवरील मोहोरेच्या संभाव्य जागा बदलून टाकलेल्या उंदरांची हृदयेही ॲड्रेनलिनला पूर्वीप्रमाणेच साद देत राहिली. अखेर २०२०मध्ये कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाराच्या शेजारी वावरणारी प्रथिने चिन्हित करून पाहिली, तेव्हा ॲड्रेनलिन मिळताच दारापासून दूर सरणारे ‘रॅड’ नावाचे एक लहानसे प्रथिन त्यांना आढळले. एरवी ते दाराला आवरून धरते. मोहोर त्याच्यावर उमटली की पकड सुटते, कॅल्शियम अधिक मुबलक आत येते, आणि ठोका बळावतो. हृदयाशी काहीही संबंध नसलेल्या पेशींत नुसते दार बसवून ही प्रतिक्रिया उभी करण्याची धडपड संशोधक वर्षानुवर्षे करीत होते. त्या दाराशेजारी रॅड ठेवताच ती उमटली.