युन्नानचा सेनापति त्साय ओ : दंतकथा आणि तारखा

चिनी प्रजासत्ताकाच्या आरंभकाळांत प्रांतोप्रांतीं जे लष्करी सुभेदार उदयास आले, त्यांजकडे इतिहासकार तिरस्कारानें पाहतात. आणि बहुतेकांच्या बाबतींत तें योग्यहि आहे. युन्नानचा त्साय ओ (१८८२–१९१६) हा मात्र लोकांचा लाडका वीर होऊन बसला. त्याचें चरित्र दंतकथेनें इतकें वेढलें आहे कीं, तारखा क्रमानें मांडल्यावांचून त्याचा खरा मोठेपणा हातीं लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हुनान प्रांतांत जन्मलेला हा पुरुष चांगशा येथें लिआंग ची-चाओ याचा विद्यार्थी होता. लष्करी शिक्षण पुरें करून १९०४ सालीं तो जपानांतून परतला. १९११ सालीं युन्नानांत असतांना त्यानें चंग क्वो-फान व हू लिन-यी यांच्या लेखांतून सैन्यव्यवस्थेवरील वेंचे निवडून एक लहान ग्रंथ सिद्ध केला. त्या दोघां सेनानींनीं मागील शतकांत मांचू गादी राखली होती. त्यांच्या वचनांच्या या संग्राहकानें त्याच वर्षीं, ३० ऑक्टोबर रोजीं, कुनमिंग येथें मांचू सत्ता उलथून पाडली व तो प्रांताचा लष्करी सुभेदार झाला. १९१३ सालीं अध्यक्ष युआन शि-काय याच्या बोलावण्यावरून तो पेकिंगला गेला. प्रांत तांग ची-याओ याच्या हातीं आला.

१२ डिसेंबर १९१५ रोजीं युआननें सम्राटपद स्वीकारलें. येथून दंतकथा सुरू होते: एका गणिकेच्या चातुर्यानें त्साय पेकिंगहून निसटला आणि त्याच्या एका हांकेसरशीं युन्नान उठलें. तारखा निराळें सांगतात. तो कुनमिंगला पोंचला १९ डिसेंबरला. युआनला निर्वाणीची तार गेली २३ तारखेस, आणि तिजवर सही तांग व रन खो-छंग यांची. २५ तारखेस प्रांतानें स्वातंत्र्य पुकारलें. सहा दिवसांत सैन्य उभें राहत नाहीं. तेथील अधिकाऱ्यांच्या गुप्त मसलती महिनेन्‌महिने अगोदर सुरू झाल्या होत्या.

मग त्सायचें श्रेय कोणतें? तांग कुनमिंगच्या गादीवर राहिला; त्सायनें पहिल्या सेनेचें आधिपत्य पत्करून, घशाच्या रोगानें पछाडलेला असतांहि, सेचुआनांत युआनच्या अधिक संख्येच्या फौजांशीं झुंज दिली. २२ मार्च १९१६ रोजीं युआननें बादशाही रद्द केली व ६ जूनला तो मरण पावला. त्सायहि वयाची चौतिशी पुरी होण्यापूर्वीं, ८ नोव्हेंबरला, जपानांत फुकुओका येथें वारला.

तांगनें मधला अल्प खंड वगळतां १९२७ पर्यंत युन्नान आपल्या मुठींत ठेवलें. सेना तीच, प्रांत तोच. तिनेंच प्रजासत्ताक राखलें आणि तिनेंच सुभेदारी पोसली. म्हणून आमच्या मतें त्सायचा मोठेपणा पेकिंगहून निसटण्यांत नाहीं. १९१३ सालीं सोडलेली गादी १९१५ सालीं परत न मागतां त्यानें रणभूमि मागितली, यांत तो आहे.