अंगावरून वारे गेल्यानंतर



आपल्या बारामती-इंदापूरच्या बाजूस एखाद्याचा हातपाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग अडाणीपणाचा समजू नये. चरकसंहितेत या विकाराची गणना वातव्याधींतच केलेली आहे. तोच वायू बोलीत वारे होऊन राहिला. विकाराचे मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे हे युरोपातही उशिराच कळले. स्वित्झर्लंडातील योहान याकोब वेप्फर याने प्रेतांची तपासणी करून १६५८ साली अशा रोग्यांच्या मेंदूतील रक्तस्राव दाखवून दिला.

आपल्या जिल्ह्यातील या विकाराचे सर्वांत प्रसिद्ध रोगी म्हणजे महात्मा जोतीराव फुले. त्यांच्या घराण्याचा संबंध शेजारच्या पुरंदर तालुक्यातील खानवडीशी होता. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यास मे १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगा उसळला. तो ज्या दैन्यातून उसळला त्याचे चित्र जोतीरावांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आहे. मे १८८८ मध्ये मुंबईस त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली आणि जुलैत पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्यांचे स्नेही व चिकित्सक. उजवा हात निकामी झाला, तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहावयास घेतले व ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. ग्रंथ १८९१ साली छापून निघाला.

उजवी बाजू जाते तेव्हा पुष्कळांची वाचाही जाते. जोतीरावांची भाषा व बुद्धी शाबूत राहिली, याला तो ग्रंथच साक्षी आहे. त्या काळी मेंदूतील घाव आवरील असे औषध जगात कोणापाशीही नव्हते. जे काही वाचले ते शरीराच्या अंगभूत सामर्थ्यावर. या सामर्थ्याचा शोध कसा लागत गेला, तेच आज सांगावयाचे आहे.

नीरा डाव्या कालव्याची चारी बंद पडली तर काय होते हे आपणांस ठाऊकच आहे. चारीवरचे मधले पीक आधी करपते; कडेचे पीक शेजारच्या शेतातील ओलीवर काही काळ तग धरते. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की असेच घडते. मधला भाग काही मिनिटांतच मरतो. सभोवतालचा भाग निपचित पडतो, तथापि काही तास जिवंत असतो. त्याचे पुढे काय होणार हे पुष्कळसे दाहावर अवलंबून असते.

दाह हा निव्वळ शत्रू नव्हे. ‘असूड’ पुरा होण्याच्या आदल्या वर्षी, १८८२ साली, मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लास गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी भटक्या पेशी काट्याभोवती जमलेल्या दिसल्या. शरीर आपल्या रक्षणासाठीच दाह उत्पन्न करते, हे त्यावरून उमगले. परंतु रक्षकच अनावर झाले तर घरधन्याचीही धडगत नसते. मेंदूत ‘इंटरल्यूकिन-१’ नावाचे प्रथिन या रक्षकांस चेतविते, आणि अर्धमेल्या पेशी त्या धुमश्चक्रीत बळी पडतात.

त्यांना आवरणारी प्रथिनेही शरीरच निर्माण करते. मँचेस्टर येथील नॅन्सी रॉथवेल व जेन रेल्टन यांनी सहकाऱ्यांसह १९९१ साली ‘लिपोकॉर्टिन-१’ या प्रथिनाची परीक्षा उंदरांवर केली. यालाच आता ‘अ‍ॅनेक्सिन ए-१’ म्हणतात. त्याचा अंश मेंदूत सोडला तेव्हा घाव लहान राहिला. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो उलट प्रयोग: उंदराच्या शरीरातील हेच प्रथिन निष्प्रभ केले, तेव्हा घाव वाढला. म्हणजे उपचार नसतानाही ते आपले काम करीतच होते. पुढच्याच वर्षी या दोघींनी दुसऱ्या एका नैसर्गिक प्रथिनाचा तसाच गुण दाखविला. कुलपात खोटी किल्ली आधीच अडकवून ठेवावी, तसे ते इंटरल्यूकिन-१ ची जागा अडवून बसते.

उंदरास जे लाभले ते माणसास लाभतेच असे नाही. हे दुसरे प्रथिन ८० रोग्यांवर योजून झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील दाहाची लक्षणे उतरली. रोग्यांची प्रकृती मात्र त्या मानाने सुधारल्याचे सिद्ध झाले नाही. मला यात निराशेचे कारण दिसत नाही, परंतु या प्रथिनांच्या नावे कोणी औषध विकू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तूर्त हाती आहे ते गुठळी विरघळविणारे औषध. मेंदूत रक्तस्राव नाही याची यंत्राने खात्री करून ते सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रोग्यांची गुठळी नळी घालून त्यानंतरही काढता येते. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूर त्याहूनही लांब; आणि आपल्याकडे तेल चोळण्यात व ‘सकाळी बघू’ म्हणण्यात रात्र जाते. हे साडेचार तास, रोगी शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात. पहाटे उठतानाच हात लुळा आढळला, तर रात्री निजतेवेळची घटका धरतात. डॉक्टर प्रथम हीच वेळ विचारतात. घरातील कोणीतरी ती कागदावर टिपून बरोबर न्यावी.