सार्वभौमत्व आणि अधिराजत्व

इतिहास वाचताना शब्दांचा अर्थ ढोबळ मानाने घ्यावयाची आपणा सर्वांस सवय असते. इंग्रजीतील ‘सॉव्हरिन्टी’ आणि ‘सुझरेन्टी’ हे दोन शब्द पाहा. दोन्ही फ्रेंचमधून आलेले, दोहोंच्या मुळाशी ‘वर असणे’ हाच भाव. म्हणून आम्ही दोहोंस ‘सार्वभौमत्व’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः पहिल्याचा अर्थ, जिच्यावर दुसरी कोणतीही सत्ता नाही अशी राज्याची सर्वोच्च सत्ता. दुसऱ्याचा अर्थ, एका राज्याचे दुसऱ्यावरील अधिराजत्व : गादी व घरचा कारभार मांडलिकाकडे, परराष्ट्रव्यवहार वरच्याच्या हाती.

हा केवळ कोशातला काथ्याकूट नव्हे. वऱ्हाड परत मागताना निजाम मीर उस्मान अली खान याने अंतर्गत कारभारात आपण इंग्रज सरकारइतकेच स्वतंत्र असल्याचा दावा केला. तेव्हा २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग याने बजावले की, हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाची ‘सॉव्हरिन्टी’च श्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकास बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. परंतु १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यात, सातव्या कलमात, शब्द आला तो ‘सुझरेन्टी’! संस्थानांवरील ती सत्ता १५ ऑगस्टला संपेल, एवढेच कलम सांगते. ती पुढे कोणाकडे जाईल, याविषयी ते मौन पाळते.

निजामाने आपला अर्थ जून १९४७ मध्येच सांगून टाकला होता : इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. पण वरचा हात उठला म्हणून मांडलिक आपोआप सार्वभौम होतो काय? त्यास प्रजेची मान्यता नको काय? स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेस तर भारतात विलीन होण्याची मागणी करीत होती. नोव्हेंबरात एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, रझाकारांचा जुलूम वाढला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली.

एका शब्दाने हे सारे घडविले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु निजामाच्या हट्टास कायद्याचा आधार मिळाला तो त्या शब्दाचाच, आणि मराठवाड्याच्या माणसास स्वातंत्र्यासाठी आणखी तेरा महिने झुंजावे लागले. कायद्यातील शब्द नीट वाचण्याची गरज पंडितांपेक्षा सामान्य प्रजेसच अधिक असते, ती याचसाठी.