शब्दवेध : रेस्टॉरंट

लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आपण ज्या ‘रेस्टॉरंट’मध्ये जातो, ते मुळात जागेचं नावच नव्हे, ते पदार्थाचं नाव आहे. फ्रेंच ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणं, तरतरी आणणं. त्यावरून ‘रेस्तोराँ’ म्हणजे गेलेली शक्ती भरून काढणारं, मांस बराच वेळ शिजवून केलेलं कढण. १७६०च्या दशकात पॅरिसमध्ये असं कढण देणारी ठिकाणं निघाली. खाणावळीत ठरल्या वेळी, सगळ्यांबरोबर, पुढ्यात येईल ते खावं लागे. इथे स्वतंत्र टेबल, सोयीची वेळ आणि दर लिहिलेली यादी मिळू लागली. पुढे कढण मागे पडलं आणि नाव जागेला चिकटलं.

जन्म, विवाह अशा प्रसंगी एकत्र बसून घेतल्या जाणाऱ्या फ्रेंच भोजनाला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. सुरुवातीचा पदार्थ, भाज्यांसह मासे किंवा मांस, चीज आणि गोड असे त्याचे किमान चार टप्पे असतात. म्हणून खास दिवशी फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये गेलात, तर घाई करू नका. माणसाला ताजंतवानं करणं, हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे.