भीमाकाठच्या छावणीतून युद्धाच्या बातम्या कशा जात?

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूरचा किल्ला आहे. मराठ्यांशी युद्ध सुरू असताना औरंगजेबाचा तळ १६९५ ते १६९९ या काळात शेजारच्या ब्रह्मपुरीला होता. ठिकठिकाणचे ‘वाकेनवीस’, म्हणजे सरकारी बातमीलेखक, लढायांची खबर छावणीत पाठवत. दरबारातल्या रोजच्या घडामोडी राजपूत राजांचे वकील लिहून घेत आणि आपल्या राजांना कळवत. या फारसी बातमीपत्रांना ‘अखबारात’ म्हणतात. सेतुमाधवराव पगडी यांनी त्यातली अनेक मराठीत आणली. बातम्या मोगलांच्या बाजूने लिहिलेल्या असल्या, तरी मराठ्यांच्या हालचाली त्यांत नोंदलेल्या आहेत. शत्रू कुठे आहे, हे बादशहाला खरे कळणे भागच होते. म्हणूनच मराठ्यांच्या इतिहासासाठी शत्रूची ही कागदपत्रे मोलाची ठरतात.