चाकरमान्यांच्या आधाराची संस्था : सोशल सर्व्हिस लीग

इन्सुली (ता. सावंतवाडी) : मुंबई-गोवा महामार्गावरील इन्सुली, बांदा या परिसरासह दक्षिण कोकणाचा मुंबईशी असलेला संबंध चाकरमान्यांमुळे दृढ झाला. मनीऑर्डरीवर गावचे घर चाले. मात्र ती पाठविणारा माणूस गिरणगावातील दाटीच्या खोलीत, खानावळीच्या जेवणावर दिवस काढीत असे. आजारपण, कर्ज किंवा नोकरीवरील गंडांतर अशा प्रसंगी त्याला आधार देणाऱ्या संस्थांमध्ये सोशल सर्व्हिस लीगचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

स्थापना

नारायण मल्हार जोशी (१८७९-१९५५) यांनी १९११ मध्ये मुंबईत लीगची स्थापना केली. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव हे त्यांचे जन्मगाव. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते १९०९ पासून सदस्य होते. केवळ दानधर्म न करता शहरातील गरिबांच्या स्थितीची माहिती गोळा करावी, तिचा अभ्यास करावा आणि त्यानुसार सेवा उभारावी, ही लीगची भूमिका होती.

कार्याचे स्वरूप

दिवसभर गिरणीत राबणाऱ्यांना दिवसाची शाळा उपयोगाची नव्हती; म्हणून रात्रशाळा निघाल्या. वाचनालये व फिरती ग्रंथालये वस्त्यांपर्यंत पोहोचली. दवाखाने, स्वच्छतेची मोहीम, व्यायामशाळा, मुलांसाठी क्लब आणि निरक्षरांना कायद्याचा सल्ला अशी कामाची व्याप्ती वाढत गेली. सावकारी पाशातून कामगारांची सुटका व्हावी, यासाठी सहकारी पतसंस्थांना चालना देण्यात आली.

या कामातूनच सेवेच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. औषध देता येते. पण कामाचे तास आणि वेतन यांचा प्रश्न दवाखान्यात सुटत नाही. जोशी पुढे कामगार संघटनेकडे वळले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. मध्यवर्ती कायदेमंडळातही त्यांनी कामगारांची बाजू मांडली.

दामोदर नाट्यगृह

परळचे दामोदर नाट्यगृह ही लीगची सर्वपरिचित वास्तू. गिरणगावातील हौशी कामगार कलावंतांना आणि कोकणी माणसाच्या नाट्यवेडाला येथे हक्काचा रंगमंच मिळाला. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद करण्यात आले, तेव्हा नाट्यकर्मींनी तीव्र विरोध नोंदविला. जुनी वास्तू पाडल्यानंतर सामान्यांना परवडणारे नाट्यगृह पुन्हा मिळेल काय, हा त्या वादाचा गाभा होता.

बदललेली परिस्थिती

१९५३ च्या कायद्यानंतर कामगार कल्याणाची काही जबाबदारी शासकीय मंडळाकडे आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, अनेक कुटुंबांना गावाकडे परतावे लागले आणि गिरण्यांच्या जागी टॉवर व मॉल उभे राहिले.

गिरणगाव ओसरले, पण रोजगारासाठी शहरात येणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही. निवारा, आरोग्य, मुलांचे शिक्षण व कर्ज हे त्यांचे प्रश्न आजही तेच आहेत. आधी माहिती, मग अभ्यास आणि नंतर सेवा, हा लीगने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेला क्रम म्हणूनच कालबाह्य ठरत नाही.