अवलोकितेश्वराचं धोतर

लडाखमधले बरेचसे गोंपा डोंगराच्या टोकावर असतात. आल्ची तसं नाही. लेहच्या पश्चिमेला साधारण 65 किलोमीटरवर, सिंधूच्या काठी, जर्दाळूच्या झाडांमध्ये, गावातल्या घरांना लागूनच ही मंदिरं आहेत. बाहेरून पाहिलं तर मातीने लिंपलेल्या भिंती आणि कोरीव लाकडी ओसरी, बस्स.

त्यातलं सुमत्सेक, म्हणजे तीन मजली मंदिर, हे माझ्या मते हिमालयातल्या चित्रकलेचं सगळ्यात मोठं नशीब. आत तीन कोनाड्यांमध्ये मातीचे तीन प्रचंड बोधिसत्त्व उभे आहेत. इतके उंच की डोकी वरच्या मजल्यात गेलीत. अंगावर धोतरं, आणि धोतरांवर चित्रं. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर 84 सिद्ध. अवलोकितेश्वराच्या धोतरावर मात्र चक्क एक मुलूख आहे: राजवाडे, देवळं, घोडेस्वार.

हा मुलूख काश्मीरचा, असं अभ्यासक मानतात. चित्रकारही तिथल्याच परंपरेतले. खुद्द काश्मीरच्या खोऱ्यात त्या काळातली भिंतीवरची चित्रं जवळजवळ उरलेलीच नाहीत. म्हणजे एका हरवलेल्या देशाची आठवण शेजारच्या देशातल्या एका खेड्यात, मूर्तीच्या कपड्यावर शिल्लक आहे.

शेजारच्या दुखांगमध्ये राजघराण्याचं एक दृश्य आहे. हातात पेला, अंगात इराणी-तुर्की थाटाचा, गोल नक्ष्यांचा अंगरखा. बौद्ध मंदिराला दान देणाऱ्यांची फॅशन कुठून कुठून यायची, ते यात दिसतं.

मंदिर कधीचं? परंपरा श्रेय देते रिन्चेन झांगपोला (958–1055). पण सुमत्सेकच्या तिसऱ्या मजल्यावर गुरूंची एक मालिका रंगवलेली आहे, नावांसकट. तिच्यात द्रिगुंग पंथाचा संस्थापक जिगतेन गोन्पो आहे, आणि तो वारला 1217 मध्ये. म्हणून बरेच अभ्यासक सुमत्सेकचा काळ 13व्या शतकाच्या सुरुवातीला नेतात. मला भिंतीचं म्हणणं जास्त पटतं.

आता देखभाल लिकीरचे भिक्खू करतात. छप्पर मातीचं, सपाट. कोरड्या हवेत शतकानुशतकं टिकलं. पण आता मुसळधार पाऊस लडाखलाही नवा राहिलेला नाही, 2010 ची लेहची ढगफुटी आठवा. पाणी झिरपलं की रंग ओघळतात.

आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे डोळ्यांनीच बघावं लागतं. उजेड कमी असतो. सुरुवात पायांपासून करा, चेहरे खालून नीट दिसतच नाहीत.